चार आण्याचं वादळ

तिगावापासून समुद्र दोन्ही अंगांनी साधारण सहाशे किलोमीटर. पश्चिमेला अरबी, पूर्वेला बंगालचा उपसागर, आणि मधोमध आम्ही: सातपुड्याचा पायथा, संत्र्याच्या बागा, कापूस आणि नागपूर-इटारसी लाईनीवरचं एक लहानसं स्टेशन. इथून पुढे चिचोंड्याचा घाट लागतो. तो चढायला मालगाडीला मागून जादा इंजिन लावावं लागतं. त्यामुळे समुद्राची लाट यदाकदाचित आमच्याकडे निघालीच, तर ती इथवर येऊन दमेल आणि इंजिनाची वाट बघत आउटरला उभी राहील, अशी गावाची पक्की समजूत आहे.

चक्रीवादळ म्हणजे टीव्हीवर बघायची गोष्ट. रेनकोट घातलेला वार्ताहर आडवा होत ओरडतो आहे, मागे नारळाचं झाड त्याच्याहून आडवं झालं आहे, आणि आम्ही इथे कूलरसमोर बसून टरबूज खातो आहोत. ३ जून २०२० ला 'निसर्ग' रायगडात दिवेआगरच्या आसपास जमिनीवर आलं, तेव्हा लॉकडाऊन असल्याने सगळं गाव घरातच होतं आणि ते वादळ आम्ही चेंडू-चेंडू बघितलं. ते विदर्भाच्या दिशेने निघालंय म्हटल्यावर थोडी धडधड झाली. पण समुद्राचं ऊन ऊन पाणी मिळेनासं झालं की चक्रीवादळ माहेर तुटल्यासारखं सुकत जातं. मध्य प्रदेशाच्या अंगावर येईतो 'निसर्ग'चं नुसतं कमी दाबाचं क्षेत्र झालं होतं. पुढच्याच वर्षी, सप्टेंबर २०२१ मध्ये, 'गुलाब' आंध्रच्या किनाऱ्यावर चढलं, तेलंगण-मराठवाडा भिजवत पार गुजरातेतून अरबी समुद्रात उतरलं, तिथे 'शाहीन' असं नवं नाव घेतलं आणि ओमानला गेलं. आमच्या चौकात याचा अर्थ एकाने असा लावला, की इकडची उधारी बुडवून नाव बदलून गल्फला पळाला.

एकूण काय, हरिकेनच्या, म्हणजे मोठ्या चक्रीवादळाच्या, तयारीबाबत आम्ही निर्धास्त होतो. मग २०२३ साली मध्य प्रदेशात आमचा पांढुर्णा वेगळा जिल्हा झाला.

याचा वादळाशी काय संबंध, असं तुम्ही विचाराल. आहे. तोवर हवामानाचे इशारे यायचे ते छिंदवाड्याच्या नावाने, आणि छिंदवाडा घाटावर, लांब. त्यांचं ते बघतील. आता पट्टीवर आमचं नाव येऊ लागलं. वादळी वाऱ्याच्या ऑरेंज अलर्टच्या यादीत 'पांढुर्णा' हे नाव पहिल्यांदा दिसलं, तेव्हा लोकांनी एकमेकांना फोन करून सांगितलं. आपलं नाव भोपाळपर्यंत पोचलं याचा आनंद इतका होता, की कशासाठी पोचलं हे वाचायचं राहून गेलं. शिवाय अलर्ट ऑरेंज. संत्र्याच्या मुलखाला दुसरा कोणता रंग देणार?

आमच्यापुढे आणखी एक पेच आहे. अलर्ट येतो भोपाळहून हिंदीत, बातम्या बघतो नागपूरच्या मराठीत, आणि आभाळ दोघांचंही ऐकत नाही. नागपूर सांगतं विदर्भात वादळ, भोपाळ सांगतं दक्षिण मध्य प्रदेशात वादळ. दोन्ही खरं असलं तर तिगावाला दोन वादळं यायला हवीत. सीमेवरचा माणूस अशा वेळी दोघांची बेरीज करून दोनाने भागतो आणि दोरीवरचे कपडे तसेच ठेवतो.

आता मुद्द्याचं. आमच्याकडे चक्रीवादळ येत नाही. येतं ते वावधन. एप्रिल-मे महिन्यात, बेचाळीस-पंचेचाळीस अंशांनी जमीन भाजून निघाल्यावर, दुपारनंतर घाटाच्या अंगाला ढगाचा बुरुज उभा राहतो. दहा-बारा किलोमीटर उंच. त्यातून पाऊस सुटतो, पण खालची हवा इतकी कोरडी असते, की थेंब वाटेतच वाळतात. वाळताना हवेला गार करतात. गार हवा जड, ती धाडकन खाली आपटते आणि जमिनीवर आदळून चहूकडे धावत सुटते. पुढे धुळीची भिंत, मागे ती. पाऊस यायच्या आधी जो गारेगार झोत अंगावर येतो आणि मातीचा वास घेऊन येतो, तो हाच. शास्त्र सांगतं की हा झोत लागला की मुकाट्याने घरात शिरावं. आम्ही मात्र दिवसभर उकडून निघालेलो असतो. तो झोत लागला की घराघरातून माणसं बाहेर पडतात, अंगणात हात पसरून उभी राहतात आणि म्हणतात, "आहाहा, काय हवा सुटली राजा!" वादळाचं इतकं मनापासून स्वागत किनाऱ्यावर कोणी करत नसेल.

जाणकार तर ओसरीच्या टोकाला येऊन हात मागे बांधून वर बघतात. "हे मुलताईकडे जाते," एक म्हणतो. "हे नाई पडत," दुसरा म्हणतो. तिसरा काही म्हणत नाही, तो मोटरसायकल आत घेतो. तिगावात हवामानाचा विश्वासार्ह अंदाज हवा असेल, तर बोलणाऱ्या दोघांना सोडून या तिसऱ्यावर नजर ठेवावी.

वावधन किती मोठं, हे हिशेबाने सांगता येतं. हरिकेन म्हणवून घ्यायला वाऱ्याला ताशी ११९ किलोमीटर तरी धावावं लागतं. आमच्या इशाऱ्यांत बहुतेक वेळा पन्नास-साठ लिहिलेलं असतं. म्हणजे आपण अर्धे हरिकेन, असं वाटून कोणी छाती फुगवू नये. वाऱ्याचा रेटा वेगाच्या वर्गाने वाढतो. वेग अर्धा झाला की रेटा पाव होतो. रुपयातले चार आणे. पण चार आण्यात काय येतं ते बघा. साठच्या वेगाचा वारा दर चौरस मीटरला साधारण सतरा किलोचा रेटा देतो. दहा फूट बाय तीन फुटाचं एक टिन घ्या. त्याच्यावर हा रेटा होतो पंचेचाळीस किलोच्या वर. आणि टिनाचं स्वतःचं वजन? दहा-बारा किलो. पुढचं टिनाला कोणी शिकवावं लागत नाही.

आता छपरावर वारा वरून बसतो आणि छप्पर दबतं, असा बहुतेकांचा समज आहे. उलट आहे. छपरावरून सुसाट जाणारा वारा टिनाला वर ओढतो, आणि ओसरीकडून आत घुसलेला वारा खालून उचलतो. एक ओढणारा, एक ढकलणारा. मधल्या टिनाची अवस्था वाटणीच्या भांडणातल्या धाकट्या भावाची. यावर उपाय म्हणजे टिना आडव्यांना हुकाच्या बोल्टाने, खाली वायसर घालून आवळायच्या. कडेच्या ओळीत बोल्ट जास्त, कारण वारा कडेपासून सुरुवात करतो. आणि आडवे भिंतीला पट्टीने बांधायचे. म्हणजे वाऱ्याला टिन हवं असेल तर त्याला घर उचलावं लागेल.

आम्ही काय करतो? गोटे ठेवतो.

टिनावर गोटे ठेवणं हे आमच्या पंचक्रोशीचं स्थापत्यशास्त्र आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पांढुर्णा आणि सावरगाव एकमेकांवर गोटे फेकतात, ती गोटमार जगाला माहीत आहे. उरलेले तीनशे चौसष्ट दिवस हा दगड कुठे असतो, हे जगाला माहीत नाही. तो टिनावर असतो. पाच किलोचा एकेक गोटा. पंचेचाळीस किलोच्या ओढीपुढे त्याची मात्रा चालत नाही. टिन तर जातंच, शिवाय जाताना गोटा शेजाऱ्याच्या अंगणात टाकून जातं. म्हणजे ज्या वस्तूने घर वाचवायचं, तीच वस्तू वादळात घराबाहेरच्या माणसाच्या डोक्यावर येते. ही गोष्ट मी एका म्हाताऱ्या काकाजींना समजावून सांगितली. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "बोल्ट आणाले पांढुर्ण्याले जा लागते. गोटा अंगणातच हाय." या युक्तिवादाला कोणत्याही आपत्ती व्यवस्थापन संस्थेकडे उत्तर नाही.

टिनाच्या खालोखाल उडण्याची हौस असते ती स्लॅबवरच्या प्लास्टिकच्या टाकीला. रिकामी टाकी म्हणजे फुगा. भरलेली पाचशे लिटरची टाकी म्हणजे पाचशे किलो, ती कुठे जात नाही. तेव्हा ढग दिसला की मोटर लावून टाकी भरून घ्यावी. एक तर ती जागेवर राहते, दुसरं म्हणजे लाईन गेली की पाण्याची ददात पडत नाही. आणि लाईन जातेच. वादळ आल्यावर जाते असं नाही, वादळाचा विचार कोणाच्या मनात आला तरी जाते. तुटलेली तार जमिनीवर पडलेली दिसली तर तिच्यात करंट नाही असं गृहीत धरू नये, काठीने तर अजिबात तपासू नये. भिजलेली काठी करंट नेते. गावात काठीने तपासणारा एक जण कायम असतो. त्याला धरून ठेवायला दुसरा एक नेमावा.

माझा एक भाचा ह्यूस्टनला असतो. तिकडे खरं, सोळा आण्यांचं हरिकेन येतं, म्हणून तयारीची यादी मी त्याच्याकडून मागवली. माणशी रोज एक गॅलन, म्हणजे पावणेचार लिटर पाणी, निदान तीन दिवसांचं, न शिजवता खाता येईल असं अन्न, बॅटऱ्या, टॉर्च, औषधं, रोख पैसे, कागदपत्रं पाणी न लागणाऱ्या पिशवीत, खिडक्यांना प्लायवूड, गाडीत पेट्रोल. घरातल्या बायकांनी ती यादी ऐकली. न शिजवता खायचं अन्न म्हणजे मुरमुरे, फुटाणे, गूळ, ते डब्यात. कागदपत्रं देवघरामागच्या पत्र्याच्या पेटीत, प्लास्टिकच्या पिशवीत, वर आणखी एक पिशवी, त्याला गाठ, आणि ती गाठ ज्याने मारली तो सोडून कोणालाही न सुटणारी. रोख पैसे कुठे, हे कोणी सांगितलं नाही. यावरून ते आहेत असं समजायचं.

पण खरी गंमत ८ जुलै २०२४ ला झाली. 'बेरिल' नावाचं हरिकेन टेक्सासवर आलं आणि ह्यूस्टनच्या परिसरात बावीस लाखांहून जास्त वीजजोडण्या बंद पडल्या. जुलैचा उकाडा, एसी बंद, आणि भाच्याचा त्याच्या आईला, म्हणजे माझ्या ताईला, रात्री फोन.

"आई, लाईट नाही. झोप येत नाहीये."

"मंग छतावर झोप."

"इथे छत उतरतं असतं गं. घसरून पडीन."

"झोपता येत नाही असं छत कशाले घेतलं? अंगणात बाज टाक."

"बाज नाहीये."

ताईने फोनवर हात ठेवून माझ्याकडे बघितलं. एवढं शिकवून बाज नाही, असं त्या बघण्यात होतं. मग ओली चादर खिडकीला लाव, रात्री बादलीने अंघोळ कर, कांदा जवळ ठेव, अशी यादी इकडून तिकडे गेली. त्याने एकच गोष्ट अशी सांगितली जी आम्हाला नवी होती: जनरेटर घरात, ओसरीत किंवा खिडकीजवळ कधी लावायचा नाही, निदान वीस फूट लांब ठेवायचा. त्याच्या धुरात जो वायू असतो त्याला वास नाही, रंग नाही. माणूस झोपेतच जातो. ऐकून ताईने दुसऱ्या दिवशी किराणा दुकानदाराला जाऊन दम दिला. त्याचा जनरेटर दुकानाच्या मागच्या खोलीत होता. आता तो बाहेर असतो, आणि ते ह्यूस्टनमुळे झालं हे त्याला अजून माहीत नाही.

वादळाची खरी शिस्त बघायची असेल तर मात्र सरकारी यादी मिटवून ठेवावी आणि मे महिन्यात दुपारी चारच्या सुमाराला कोणत्याही घराच्या स्लॅबवर नजर टाकावी. वर्षाचं वाळवण तिथे पडलेलं असतं. जुन्या धोतरांवर पापड, साड्यांवर कुरड्या, बाजेवर शेवया, परातीत मुगाच्या वड्या, ताटात सांडगी मिरची. कुरडईचा गहू तीन दिवस भिजवलेला असतो, वाटलेला असतो, चीक काढलेला असतो, पहाटे चारला शिजवलेला असतो. त्याच्यावर एक थेंब पडला तर घरात जे वादळ होतं त्याचा वेग मोजायचं यंत्र अजून निघालेलं नाही.

पहिला गार झोत येतो आणि कुठल्यातरी स्लॅबवरून हाक उठते, "आलं वं माय, उचला!" भोंगा नाही, मेसेज नाही. २०२३ मध्ये सरकारने धोक्याचा इशारा देणारा मेसेज मोबाईलवर वाजवून बघितला, तेव्हा निम्म्या लोकांनी घाबरून फोन बंद केला होता. ही हाक कोणी बंद करू शकत नाही. एका मिनिटात गल्लीतल्या सगळ्या स्लॅबवर माणसं. कोण कुठे उभं राहील हे ठरलेलं. मोठ्या सुनेने धोतराची दोन टोकं धरायची, धाकटीने दोन. पापड आत ठेवूनच गाठोडं. बाज शेवयांसकट दोघांनी उचलायची, जिन्यात तिरपी करायची, एक शेवई सांडता कामा नये. पोरांकडे मिरची, कारण ती पोरं खात नाहीत. आजी खाली दाराशी, आलेल्या मालाची मोजदाद. पुरुषांना या कामात घेत नाहीत. एकदा एकाला घेतलं होतं, त्याने ओले आणि वाळलेले पापड एकत्र केले. ती आठवण दर वर्षी काढली जाते.

या कवायतीत एकच खोट आहे, आणि ती जिवावरची आहे. वीज पडून मरणाऱ्यांच्या संख्येत मध्य प्रदेश देशात वरच्या रांगेत असतो. वीज चमकत असताना उघड्या स्लॅबवर, गावातल्या सगळ्यात उंच जागी, हातात लोखंडी परात घेऊन उभं राहणं, याहून विजेला स्पष्ट निमंत्रण देता येत नाही. पहिला थेंब पडल्यावर धावायचं नसतं, पहिली गडगड ऐकल्यावर खाली यायचं असतं. चमक दिसल्यापासून आवाज येईतो मोजावं. दर तीन सेकंदांना एक किलोमीटर. तीसच्या आत आवाज आला की वीज दहा किलोमीटरच्या आत आहे, घरात व्हावं, आणि शेवटच्या गडगडीनंतर अर्धा तास बाहेर पडू नये. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं 'दामिनी' ॲप जवळपास कुठे वीज पडते आहे ते दाखवतं. एका सूनबाईने ते घेतलं आहे. आता तिच्या घरच्या कुरड्या सगळ्यांच्या आधी खाली येतात. शेजारणींच्या मते हे बरोबर नाही.

शेतात सापडलेल्या माणसाने आंब्याखाली, लिंबाखाली, एकट्या झाडाखाली थांबू नये, हे सगळ्यांना तोंडपाठ आहे. पण शेतात सावलीला दुसरं आहे काय? गाडी असेल तर काचा बंद करून गाडीत बसावं. काहीच नसेल तर सखल जागी पाय जुळवून उकिडवं बसावं, आडवं पडू नये. गुरांची दावी सोडावीत, असं सरकारी पुस्तिकेत आहे. आमच्याकडचा गोऱ्हा सोडला तर तो वादळातून वाचेल, पण मग त्याला शोधायला पुढचं वादळ येईल. निदान झाडाला तरी बांधू नये.

लग्नाचं काय करायचं, हे कुठल्याच पुस्तिकेत नाही. ढग तयार व्हायला दिवसभराची भट्टी लागते, म्हणून वावधनाची आवडती वेळ दुपारी चार ते सात. गोरज मुहूर्ताचीही तीच. दोघांनी एकच पंचांग बघितल्यासारखे ते एकत्र येतात. तीस फूट बाय साठ फुटांचा मांडव म्हणजे एकशे सदुसष्ट चौरस मीटर कापड. साठच्या वाऱ्यात त्याच्यावरचा रेटा तीन टनांच्या घरात जातो. याच्या विरोधात वधूपक्ष काय उभं करतो? आठ मामा. झोत आला की आठ मामा आठ खांबांना मिठी मारतात. सरासरी ऐंशी किलो धरले तरी सहाशे चाळीस. उरलेले सव्वादोन टन आशीर्वादाने तोलले जातात. मी एका लग्नात खांबासकट फूटभर वर गेलेले मामाजी बघितले आहेत. त्यांनी खांब सोडला नाही. उतरल्यावर पहिला प्रश्न विचारला, "बुंदी झाकली का?" शहाणपण इतकंच, की वारा सुटला की कापडाच्या गाठी सोडून ते खाली येऊ द्यावं, झालरी-लायटिंगची मेन बंद करावी आणि वऱ्हाड शाळेच्या पक्क्या खोलीत न्यावं. कापड दुसऱ्या दिवशी मिळतं. मामा एकेकच असतात.

वादळ वीस मिनिटांत जातं. त्यानंतर बागेत आंबिया बहाराची लिंबाएवढी संत्री खाली पडलेली, आंब्याखाली कैऱ्यांचा खच, आणि सगळ्या गावाच्या टिना एकमेकांच्या वावरात. मग दोन-चार दिवस गाव टिना ओळखत हिंडतं. आपल्या टिनावर निळा रंग होता असं सगळ्यांचंच म्हणणं पडतं. तीन टिना गेलेला माणूस चार घेऊन परततो आणि चौथी राखून ठेवतो. कोणाची असेल तर येईल मागायला.

मग पटवारी येतो. मध्य प्रदेशात नैसर्गिक आपत्तीची मदत महसूल पुस्तक परिपत्रक सहा-चारप्रमाणे मिळते. आमच्याकडे दुधाचे दात पडले नसतील त्यालाही 'आरबीसी सहा-चार' म्हणता येतं. नुकसान टक्क्यांत मोजायचं असतं. गेल्या मे महिन्यात एका घरी पंचनामा चालला होता, आणि मी साक्षीदार म्हणून बाजेवर बसलो होतो. टिना लिहून झाल्या, भिंत लिहून झाली, संत्र्याचे टक्के ठरले. कागद आवरायला घेतला तशी आजी दारातून म्हणाली, "अन् कुरड्या?"

"कुरड्यांचा कॉलम नाही, आजी."

"मंग पापडाचा?"

"तोही नाही."

"पायलीभर गव्हाच्या होत्या. निम्म्या भिजल्या. लिही तिथं, पन्नास टक्के."

पटवारी भला माणूस. त्याने पेन कानावर ठेवलं आणि सांगितलं, बघतो. आजी आत गेली आणि चहाबरोबर तळलेल्या कुरड्यांचं ताट घेऊन आली. त्याने एक उचलली, खाल्ली. दुसरी उचलली. मग विचारपूर्वक म्हणाला, "आजी, ह्या तर चांगल्या कुरकुरीत आहेत. नुकसान सिद्ध होत नाही."

आजीने ताट उचललं आणि आत नेऊन ठेवलं. "मंग बाकीच्या पन्नास टक्क्यांतल्या खाजो," ती आतून म्हणाली.